‘शक्यतो’ ह्या शब्दाचा इतिहास : महाविद्यालयीन प्राणिप्रयोगांवरील देखरेखीची वाटचाल

१

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा भारतीय कायदा १९६० सालचा आहे. त्याच्या सतराव्या कलमात एक पोटकलम असे आहे की, त्याची योग्य ती दखल शिक्षणक्षेत्राने घेतली असती तर पुढील अर्धशतकाचा इतिहास निराळा झाला असता. वैद्यकीय विद्यालये, रुग्णालये, महाविद्यालये इत्यादी ठिकाणी पुस्तके, प्रतिकृती, चित्रपट ह्यांसारख्या साधनांनी शिकविण्याचे काम तितक्याच चांगल्या रीतीने होत असेल, तर प्राण्यांवरील प्रयोग शक्य तेथे टाळावे, असा त्या पोटकलमाचा आशय. ह्याच्या जोडीस दुसरे पोटकलम : केवळ हस्तकौशल्य मिळविण्यासाठी म्हणून प्राण्यांवर प्रयोग शक्यतो केले जाऊ नयेत.

असे असूनही विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवी व पदव्युत्तर वर्गांतील प्राणिविच्छेदन पूर्णपणे थांबविण्याची सूचना काढली ती २०१४ साली. कायदा आणि वर्ग ह्यांच्यामध्ये चौपन्न वर्षांचे अंतर पडले. हे अंतर कशामुळे पडले, ह्याचे उत्तर शिक्षकांच्या निर्दयतेत शोधणे सोपे आहे, परंतु ते खरे नाही. ते उत्तर बरेचसे ‘शक्यतो’ ह्या शब्दात आहे. काय शक्य आहे आणि काय नाही हे ठरविण्याचा अधिकार कोणाकडे होता, हा ह्या इतिहासातील मूळ प्रश्न होय.

२

एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात प्राणिदयेच्या चळवळीने जे संघटित रूप घेतले, त्याचा रोख रस्त्याकडे होता. १८३२ साली मुंबईत भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी समाजाने केलेला दंगा प्रसिद्धच आहे. त्यानंतर दोनच वर्षांनी पांजरपोळ स्थापन झाली. १८७४ मध्ये प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणारी संस्था मुंबईत निघाली आणि १८८३ मध्ये परळ येथे बाई साकरबाई दिनशा पेटिट ह्यांच्या नावाने जनावरांचे रुग्णालय उभे राहिले. त्याच आवारात १८८६ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. ह्या सर्व कार्यापुढे जे प्राणी होते ते म्हणजे ओझ्याखाली वाकलेला बैल, चाबकाखालचा घोडा आणि बेवारस कुत्रे.

१८९० सालच्या अखिल भारतीय कायद्यातही हीच दृष्टी दिसते. जनावरास निष्ठुरपणे व विनाकारण मारणे किंवा त्याच्याकडून अतिरिक्त काम घेणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरला. मात्र हे कृत्य रस्त्यात, लोकांचा वावर असलेल्या जागी किंवा रस्त्यावरील माणसाच्या नजरेस पडेल अशा ठिकाणी झालेले असावे, अशी त्याच्या मुख्य कलमाची घडण होती. म्हणजे दुखावली जात होती ती केवळ जनावराची काया नव्हे. पाहणाऱ्याचे मनही होते. बंद दाराआड, शिक्षणाच्या किंवा संशोधनाच्या हेतूने जे चाले त्याविषयी हा कायदा मूक राहिला.

इंग्लंडात मात्र ह्याच्या चौदा वर्षे आधी, १८७६ साली, प्राणिप्रयोगांसाठी स्वतंत्र कायदा झाला होता. प्रयोग करणाऱ्यास परवाना लागे आणि प्रयोगशाळांच्या तपासणीसाठी निरीक्षक असत. वैद्यकीय शाळा व महाविद्यालये ह्यांतील व्याख्यानांच्या स्पष्टीकरणार्थ प्रयोग करण्यास सामान्यतः मनाई होती. तो आवश्यक असल्याचे प्रमाणपत्र मिळाले तरच सवलत मिळे. हस्तकौशल्यासाठी प्रयोग करण्यास तर सरळ बंदी होती. हा कायदा पृष्ठवंशी प्राण्यांपुरताच होता, आणि हिंदुस्थानास तो लागू नव्हता. राज्यकर्त्यांनी स्वतःच्या देशात आवश्यक मानलेली देखरेख वसाहतीत आणली नाही. वसाहतीतील प्राणिदयेच्या चळवळीनेही तिकडे पुरेसे लक्ष दिले नाही.

३

ह्या पोकळीतच पश्चिम भारतातील आधुनिक जीववैद्यक संशोधनाचा पाया घातला गेला. १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला. वाल्डेमार हाफकिन ह्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा जागेत लस तयार केली, ती आधी सशांवर आजमावली आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात गेली. १९२५ पासून ती हाफकिन संस्था ह्या नावाने ओळखली जाते. ज्या परळात जनावरांचे रुग्णालय होते, त्याच परळात आता प्रयोगासाठी पिंजऱ्यांत ठेवलेली जनावरेही आली. दोन्ही ठिकाणी प्राण्यांविषयीचे शास्त्र वाढत होते. परंतु ह्या शेजाराचा अर्थ काय, हा प्रश्न कायद्याने विचारला नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी प्लेगच्या प्रसाराचा शोध घेताना ह्या प्रयोगशाळेत गिनीपिगांचा मोठा उपयोग झाला. प्लेग झालेल्या घरांत गिनीपिग सोडून त्यांच्या अंगावर जमणाऱ्या पिसवा तपासल्या जात. १९०५ नंतर प्लेग आयोगाने केलेल्या प्रयोगांत काही पिंजरे जमिनीवर, तर काही उंचावर टांगून ठेवले गेले. पिसू जेथे पोहोचू शकते तेथे रोग पोहोचतो आणि जेथे ती पोहोचत नाही तेथे तो थांबतो, हे त्यातून सिद्ध झाले. लाखो माणसांच्या मृत्यूचे कारण उलगडणारे हे ज्ञान होते. त्यासाठी मेलेल्या प्राण्यांची संख्या कमी करता आली असती काय, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. परंतु ज्ञान नवे होते आणि गरज निकडीची होती, हे नाकारता येत नाही.

संशोधनातील प्रयोग आणि वर्गातील प्रयोग ह्यांतील मूलभूत भेद येथेच स्पष्ट होतो. संशोधक अज्ञाताचा शोध घेतो. बेडकाच्या पोटरीच्या स्नायूस विजेचा झटका दिला असता तो आकुंचन पावतो, हे मात्र विद्यार्थ्याने प्रयोग करण्यापूर्वी शेकडो वर्गांत सिद्ध झालेले असते. काजळी धरलेल्या फिरत्या ढोलावर उमटणारी ती वक्ररेषा विद्यार्थ्यास नवी असते, शास्त्रास नव्हे. सिद्ध झालेले पुन्हा सिद्ध करण्यासाठी जीव घ्यावा काय, हा प्रश्न म्हणूनच महाविद्यालयांच्या बाबतीत अधिक टोकदार होतो. महात्मा गांधींनी १९०९ च्या ‘हिंद स्वराज्य’मध्ये पाश्चात्त्य वैद्यकावर टीका करताना जिवंत प्राण्यांच्या चिरफाडीचा निषेध केला होता, तथापि विज्ञानशिक्षणाच्या प्रत्यक्ष रचनेवर त्याचा परिणाम झालेला दिसत नाही.

४

स्वातंत्र्यानंतर ह्या विषयास संसदेत वाचा फोडली ती रुक्मिणीदेवी अरुंडेल ह्यांनी. १९५२ साली त्या राज्यसभेच्या नियुक्त सदस्य झाल्या आणि त्यांनी प्राणिसंरक्षणाचे खाजगी विधेयक मांडले. सरकार स्वतः ह्या प्रश्नाचा विचार करील असे आश्वासन पंतप्रधान नेहरूंनी दिल्यावर त्यांनी ते मागे घेतले. त्यानंतर नेमलेल्या समितीच्या कामातून १९६० चा कायदा आकारास आला. १९६२ साली स्थापन झालेल्या प्राणिकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षाही रुक्मिणीदेवीच होत्या.

ह्या कायद्याचा चौथा अध्याय प्रयोगांविषयी आहे. तो १८७६ च्या इंग्रजी कायद्याशेजारी ठेवून वाचला असता नात्याची खूण लगेच पटते. वैद्यकीय विद्यालये, रुग्णालये व महाविद्यालये ही यादी जुन्या मजकुरातील आहे. हस्तकौशल्याचा उल्लेखही तेथलाच. परंतु उसन्या घेतलेल्या वाक्यांत दोन फेरफार झाले. पुस्तके, प्रतिकृती व चित्रपट ह्यांचा निर्देश नव्याने आला. ही भर काळाच्या पुढे पाहणारी होती. प्राणिप्रयोगांत पर्याय शोधणे, संख्या घटविणे आणि वेदना कमी करणे ही त्रिसूत्री रसेल व बर्च ह्या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९५९ साली मांडली. त्यानंतरच्या वर्षीच भारतीय कायद्यात पर्यायाचे तत्त्व आलेले दिसते. दुसरा फेरफार उलट दिशेचा होता. इंग्रजी कायद्यात हस्तकौशल्यासाठीच्या प्रयोगांवर निखळ बंदी होती. भारतीय कायद्यात तिच्यामागे ‘शक्यतो’ लागले. आज्ञेचे रूपांतर उपदेशात झाले.

व्याकरणदृष्ट्या ‘शक्यतो’ हे साधे क्रियाविशेषण आहे. परंतु ‘करू नये’ ह्या क्रियापदास ते जोडले की वाक्याचा कर्ताच बदलतो. निर्णय कायद्याकडून सुटतो आणि ज्याला आज्ञा करावयाची त्याच्याच हाती जातो. ‘शक्य नव्हते’ एवढे म्हणण्याची मुभा त्यास मिळते, आणि ते खरे की खोटे हे पाहणारा तिसरा कोणी जवळ नसतो.

आणखी एक पोटकलमही विचारार्ह आहे. गिनीपिग, ससे, बेडूक, उंदीर ह्यांसारख्या लहान प्राण्यांवर प्रयोग करून तेच फळ मिळत असेल, तर मोठ्या प्राण्यांवरील प्रयोग टाळावे, असे ते सांगते. म्हणजे बेडकाचे नाव कायद्यात येते ते त्याला वाचविण्यासाठी नव्हे, तर दुसऱ्या कोणाच्या जागी उभे करण्यासाठी. येथे सोलापूरच्या वाचकास एक तुलना सहज सुचावी. ह्याच नगरीतील जैन संस्कृति संरक्षक संघाने जीवराज जैन ग्रंथमालेतून प्राचीन जैन वाङ्मयाच्या चिकित्सक आवृत्त्या काढल्या, आ. ने. उपाध्ये व हिरालाल जैन ह्यांच्यासारखे पंडित तिचे संपादक होते. जैन परंपरेत जीवांची प्रतवारी इंद्रियांच्या संख्येवर आहे : एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत. त्या गणनेत बेडूक आणि घोडा दोघेही पंचेंद्रिय. कायद्याची प्रतवारी मात्र आकारावर आहे. वेदनेच्या दृष्टीने पाहता ह्यांपैकी कोणती गणना अधिक सयुक्तिक, हे सांगण्यास आधुनिक शरीरक्रियाशास्त्राला फार विचार करावा लागणार नाही.

५

कायद्याच्या अंमलबजावणीसाठी प्राणिप्रयोगांचे नियंत्रण व देखरेख करणारी समिती १९६४ साली नेमली गेली आणि १९६८ साली नियम झाले. ह्या दोन तारखांच्या आसपासच सोलापूरच्या उच्च शिक्षणाचा विस्तार झाला, हा योगायोग लक्षणीय आहे. दयानंद महाविद्यालय १९४० पासून येथे होते, संगमेश्वर महाविद्यालय १९५३ साली निघाले आणि डॉ. वैशंपायन स्मृति वैद्यकीय महाविद्यालय १९६३ साली, म्हणजे कायदा झाल्यावर तीन वर्षांनी, सुरू झाले. नव्या कायद्याच्या छायेत नवे शिक्षण उभे राहत होते. मग महाविद्यालयीन शिक्षणात ते पोटकलम का रुजले नाही?

त्याचे एक कारण विद्यापीठीय रचनेत सापडते. सोलापूरची महाविद्यालये आधी मुंबई, नंतर पुणे, १९६२ पासून कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ आणि २००४ पासून सोलापूर विद्यापीठ अशा क्रमाने चार विद्यापीठांच्या कक्षेत आली. (ह्या विद्यापीठास २०१९ साली पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर ह्यांचे नाव देण्यात आले.) अभ्यासक्रम ठरवी ते विद्यापीठाचे अभ्यासमंडळ. प्रात्यक्षिक परीक्षेत विच्छेदनास गुण असत. बेडकाची रक्ताभिसरणसंस्था किंवा झुरळाची पचनसंस्था मेणाच्या तबकात उघडून दाखविल्याखेरीज प्राणिशास्त्राचा विद्यार्थी उत्तीर्ण होणे कठीण. कायद्याने जबाबदारी टाकली होती संस्थाप्रमुखावर. नियमभंग झाल्यास, मूळ कायद्यानुसार दोनशे रुपयांपर्यंतच्या दंडास तोच पात्र होता. पण प्रयोग आवश्यक की अनावश्यक हे ठरत होते त्याच्या हाताबाहेर, दुसऱ्या शहरातील सभेत. ज्याच्यावर जबाबदारी त्याला अधिकार नाही, आणि ज्याला अधिकार त्याच्यावर जबाबदारी नाही, अशी ही स्थिती होती. एखाद्या अध्यापकास प्रतिकृतीवर शिकवावे असे मनापासून वाटले, तरी वर्षअखेर परीक्षकासमोर त्याच्या विद्यार्थ्यापुढे बेडूकच यावयाचा. अशा स्थितीत ‘शक्य नव्हते’ हे उत्तर अप्रामाणिक नव्हते. ते व्यवस्थेनेच तयार ठेवलेले उत्तर होते.

दुसरे कारण पुरवठ्याचे. प्रयोगशाळेतील बेडूक हा पाळलेला प्राणी नव्हता. पावसाळ्यात शेते व डबकी ह्यांतून तो पकडून आणला जाई. शेतातील कीटक खाणारा हा प्राणी एकीकडे परदेशच्या जेवणासाठी निर्यात होत होता, दुसरीकडे महाविद्यालयांच्या बरण्यांत जमा होत होता. निर्यातीवर १९८७ साली बंदी आली. वर्गातील वापर चालूच राहिला. ज्याची किंमत थोडी आणि ज्याची नोंद नाही, त्याच्याविषयी आवश्यकतेचा प्रश्न सहसा कोणी उपस्थित करीत नाही.

६

बदल झाला तो दोन दिशांनी. पहिली दिशा संशोधनाची. समितीची पुनर्रचना होऊन १९९८ साली प्राण्यांची पैदास व प्रयोग ह्यांविषयी नवे नियम आले. त्यांनुसार प्रयोग करणाऱ्या प्रत्येक आस्थापनेस नोंदणी सक्तीची झाली आणि संस्थांतर्गत प्राणी नीतिसमिती ही नवी घटना अस्तित्वात आली. तिची रचना पाहण्याजोगी आहे. संस्थेतील जीवशास्त्रज्ञांखेरीज तीत एक पशुवैद्य, प्राणिगृहाचा प्रमुख, संस्थेबाहेरील एक शास्त्रज्ञ, शास्त्रज्ञ नसलेला परंतु सामाजिक जाणीव असलेला एक सदस्य आणि मध्यवर्ती समितीचा प्रतिनिधी असतो. संशोधकाने किती प्राणी लागणार, कोणत्या जातीचे, भूल कोणती, प्रयोगानंतर त्यांचे काय होणार आणि दुसरा मार्ग का चालत नाही, हे आधी लिहून द्यावयाचे असते.

ह्या रचनेचे मर्म त्या शास्त्रज्ञ नसलेल्या सदस्यात आहे. १८९० च्या कायद्यात रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाच्या नजरेस जे स्थान होते, तेच १९९८ च्या नियमांनी बंद दाराच्या आत आणून बसविले. हा सदस्य जेव्हा ‘हे इतकेच प्राणी का?’ असे साध्या भाषेत विचारतो, तेव्हा संशोधकास साध्या भाषेत उत्तर द्यावे लागते. ‘शक्यतो’चा अर्थ आता एकट्याने लावावयाचा राहिला नाही, तो इतरांना पटवून द्यावा लागू लागला.

दुसरी दिशा अध्यापनाची. येथे बदल आला तो चर्चेतून कमी आणि आदेशातून अधिक. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ साली टप्प्याटप्प्याने विच्छेदन बंद करण्याची मार्गदर्शक तत्त्वे दिली. पदवीच्या विद्यार्थ्यांनी स्वतः विच्छेदन करू नये, शिक्षकाने एकाच जातीच्या प्राण्यावर ते दाखवावे, अशी त्यांची दिशा होती. निसर्गातून पकडल्या जाणाऱ्या प्राण्यांच्या ऱ्हासाचाही विचार त्यांमागे होता. १ ऑगस्ट २०१४ च्या सूचनेने ती सवलतही संपली. वैद्यकीय व औषधनिर्माणशास्त्राच्या अभ्यासक्रमांतही ह्याच सुमारास संगणकावरील प्रतिकृतींना मान्यता मिळाली. त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू व बैलगाडा शर्यतींच्या प्रकरणी १९६० च्या कायद्याचा विस्तृत अर्थ लावला होता.

७

ह्या वाटचालीचे मूल्यमापन करताना दोन्ही दिशांतील भेद विसरता येत नाही. संशोधनात प्रश्न विचारण्याची पद्धत निर्माण झाली, प्रयोग मात्र चालू राहिले. अध्यापनात प्रयोग थांबले, पण प्रश्न विचारण्याची पद्धत निर्माण झाली नाही. आज पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी पडद्यावर बेडकाचे हृदय पाहतो. ते पडद्यावर का आले, हे त्यास बहुधा सांगितले जात नाही. तोच विद्यार्थी उद्या पीएच. डी. साठी उंदरांवर काम करू लागला, की त्याच्यापुढे नीतिसमितीचा अर्ज येतो. ज्याने कधी ‘हे आवश्यक आहे काय?’ असा विचार केला नाही, त्याला तो अर्ज एक कागद वाटतो. मागील संशोधकाच्या अर्जातील उत्तरे उतरून काढली, तारीख घातली, की काम झाले. असे झाल्यास नीतिसमिती आपले रूप राखूनही आपले कार्य गमावील. १९६० च्या कलमाचे जे झाले, तेच १९९८ च्या नियमांचे होईल.

विच्छेदनाच्या बाजूने जो युक्तिवाद होत असे, त्यातही काही तथ्य होते, हे मान्य केले पाहिजे. हाताखालच्या ऊतीचा ताण, नसेची बारीकी, एका शरीराचे दुसऱ्यापेक्षा असलेले वेगळेपण ह्या गोष्टी चित्रात पूर्णपणे उतरत नाहीत. ज्याला शल्यविशारद व्हावयाचे आहे, त्याला हे ज्ञान केव्हातरी मिळवावेच लागते. परंतु कायद्याने विचारलेला प्रश्न इतकाच होता की, प्रत्येक विद्यार्थ्यास, प्रत्येक वर्षी, ठरलेल्या संख्येने ते आवश्यक आहे काय. ह्या प्रश्नाचे उत्तर अभ्यासमंडळांनी स्वतःहून चौपन्न वर्षे दिले नाही. म्हणून अखेरीस ते वरून आले.

तेव्हा उरलेले काम कायदा करण्याचे नाही, अध्यापनाचे आहे. प्राणिशास्त्राच्या व औषधनिर्माणशास्त्राच्या अभ्यासक्रमात ह्या इतिहासास चार तासांचीही जागा मिळाली, नीतिसमितीतील पशुवैद्यास व शास्त्रज्ञेतर सदस्यास वर्षातून एकदा वर्गात बोलावून त्यांना न पटलेल्या अर्जांची कारणे नावे न घेता विद्यार्थ्यांपुढे मांडली गेली, तर तो अर्ज भरणारा हात निराळा विचार करील. अभ्यासमंडळे स्थानिक झाल्यापासून हे सोलापुरात ठरविणे अवघड राहिलेले नाही. पूर्वी ज्याला ‘शक्य नव्हते’ म्हणता येत होते, ते आता शक्य आहे.